शिट्टी, शेंडी आणि छाया रोकडे

छाया रोकडेच्या लोखंडी पेटीत रक्ताळलेला टॉवेल आहे आणि त्या टॉवेलाच्या जोरावरच तिने नरेश सुपरवायझरला मळक्या कपड्यांची बोचकी फोडायला बसवलं, अशी वदंता पळसदरी स्टेशनाबाहेरच्या टपरीवरून निघाली ती केळवलीपर्यंत चालत गेली. वाटेत तिला हातपाय फुटले. पळसदरीत नुसता टॉवेल होता. पुढच्या टपरीवर तो कुठल्याशा फार्महाऊसवर मेलेल्या बाईचा झाला. केळवलीला पोचेपर्यंत बाई मुंबईची झाली, तिला मारणारा बिल्डर झाला, आणि नरेशने पाकीट घेऊन चादरी धुऊन दिल्या, असा सगळा मसाला वाटून तयार. सांगणाऱ्यांपैकी एकानेही पेटी उघडलेली नव्हती. पण पेटीला कुलूप आहे हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि कुलूप दिसलं की आत काय असेल हे ठरवायला आपल्या लोकांना फारसा वेळ लागत नाही.

कर्जत-खोपोली रस्त्यावर, जिथे कर्जत तालुका संपून खालापूर लागतं, तिथे पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. पाटीवर नाव आहे 'धवल लिनन सेवा'. लोक तिला भट्टी म्हणतात. माथेरानची हॉटेलं, नदीकाठचे रिसॉर्ट, डोंगराकडेचे बंगले, या सगळ्यांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल इथे येतात. भट्टीतल्या बायका चादरीवरून पाहुण्याची कुंडली मांडतात. हा एकटा आला होता म्हणून सांगतो, पण दोन उशांना काजळ आहे. हा डॉक्टरने दारू सोडायला सांगितलेला दिसतोय, उशीखाली लपवून पितो. ही नवी नवरी, हातांची मेंदी चादरीला पुसली आहे, म्हणजे एकटीच कूस बदलत राहिली, नवरा नुसता मोबाइलमध्ये होता. हे सगळं धुवायच्या आधी एकमेकींना सांगायचं आणि धुतल्यावर विसरायचं, असा भट्टीचा धर्म.

छायाला मात्र विसरता येत नसे. वय अठ्ठेचाळीस, राहणार पळसदरीचा बुद्धवाडा, नवरा सखाराम रेल्वेत गँगमन होता तो आता घरी बसून कोंबड्यांशी बोलतो. बाई कामाला वाघीण, पण मनात एकदा काही रुतलं की रुतलं. तिच्या लग्नात नणंदेने तिला पहिल्या पंगतीला बसू दिलं नव्हतं. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. ती नणंद आजही छायाकडे येते, प्रेमाने बसते, आणि बिनसाखरेचा चहा पिते. नणंदेला मधुमेह नाही. तिला वाटतं, वहिनी चहाच असा करते.

तर अशा बाईच्या वाटेला नरेश गेला.

नरेशही त्याच बुद्धवाड्यातला, चार घरं पलीकडचा. बारावी करून मोकळा फिरत होता, तेव्हा छायानेच शेठकडे शब्द टाकला. "पोरगा हुशार हाय शेठ, हिशेबी हाय, आमच्या नजरेखालचा हाय." शेठ पनवेलचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी घेतला. पाच वर्षांत नरेश सुपरवायझर झाला. त्याच्याकडे तीन गोष्टी आल्या: साबणाच्या खोलीची किल्ली, बिघाडाची वही आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजल्याशिवाय मशीन भरायचं नाही, शिट्टी वाजल्याशिवाय काढायचं नाही. गालात कायम पान, त्यामुळे शिट्टीतून आवाजाबरोबर थोडं कातमिश्रित तीर्थही उडे. वाड्यात तो छायाला काकू म्हणे. भट्टीच्या फाटकातून आत आला की तीच काकू 'छायाबाई' व्हायची. छायाही मग त्याला 'सर' म्हणे, आणि त्या 'सर'मध्ये इतकं तेल असे की त्यात दोन भजी तळून निघाली असती.

गेल्या माघात एका रिसॉर्टवर मोठं लग्न झालं. हळदीला ऐंशी टॉवेल वापरले गेले आणि ते सगळे एका बोचक्यात कोंबून भट्टीला आले. छाया मशीन भरायला होती. बोचकं सोडलं तशी ती थांबली.

"सर, यात हळद हाय."

"मग? नाचायचं का आता?"

"साबन लागला की लाल होनार. आदी उन्हात टाकू. दोन तासांत रंग उतरंल, मग धुवू."

"टेंपो चारला येनार हाय. ऊन काय तुमच्या परसात राखून ठेवलंय का? भरा."

"सर, ऐका माजं."

नरेशने शिट्टी वाजवली. छायाने मशीन भरलं.

हळदीला साबण लागला की काय होतं हे कर्जत-खालापुरात पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक आहे. नरेशलाही ठाऊक होतं. पण माणूस एकदा शिट्टी वाजवून बसला की त्याला ती परत गिळता येत नाही. ऐंशीच्या ऐंशी टॉवेल कुंकवासारखे लालभडक बाहेर आले. गटारातून लाल पाणी वाहत गेलं, ते बाहेरच्या टपरीवाल्याने पाहिलं. रिसॉर्टचा नवा मॅनेजर टेंपोबरोबर आला होता, लांबच्या मुलखातला बिचारा. दोरीवर लाल पाणी गाळत लटकलेले टॉवेल बघून तो खुर्चीतच बसला आणि त्याने पाणी मागितलं.

शेठ आले. नरेश म्हणाला, "छायाबाईंनी न बघता भरलं." छाया तोंड उघडणार, तोवर त्याने तिच्या हातात एक लाल टॉवेल दिला आणि सगळ्या बायकांसमोर तो उंच धरायला लावला. "बघा, निष्काळजीपणा असा दिसतो." पंचवीस बायका बघत होत्या. छायाने टॉवेल धरला. तिने फक्त नरेशच्या शर्टाची बटणं मोजली, सहा होती.

ऑफिसात स्नेहल नावाची मुलगी टायपिंगला होती. तिने मेमो टाईप केला: 'असावधानीने व निष्काळजीपणे काम केल्याबद्दल.' भट्टीचा नियम असा की तीन मेमो झाले की घरी. हा छायाचा अठरा वर्षांतला पहिला. वर शिक्षा म्हणून तिला मशीनवरून काढून बोचकी फोडायला बसवलं. भट्टीत याहून खालचं काम नाही. मळ, केस, सांडलेलं जेवण, ओकाऱ्या, जे जे माणूस सुट्टीवर करतो ते ते आधी तिथे येतं.

दुसऱ्या दिवशी छायाने कुणालाही न विचारता ते ऐंशी टॉवेल चांगले खळबळून उन्हात टाकले. संध्याकाळपर्यंत ते पांढरे झाले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी छायाने बिनसाखरेच्या चहावर भागवलं असतं. पण पंधरवड्याने शेठ पुण्याला तीन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आले. शिबिरात त्यांना कळलं होतं की जो काम करतो त्यालाच ते काम सुधारता येतं, मालकाने फक्त वाटेतून बाजूला व्हायचं. त्यांनी भिंतीवर एक पांढरा फळा लावला. ज्याला कामात काही सुधारायचं असेल त्याने तिथे लिहायचं, ती पद्धत महिनाभर स्वतः सांभाळायची, आणि टिकली तर ती पद्धत त्याच्या नावाने चालायची. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. पहिल्याच दिवशी फळ्यावर एक ओळ उमटली: 'हळदीचे कपडे साबणाआधी उन्हात टाकणे. नरेश पद्धत.'

शेठने टाळ्या वाजवल्या. बायकांनाही वाजवाव्या लागल्या. छायानेही वाजवल्या, सगळ्यात मोठ्याने.

त्या रात्री सखाराम विचारत होता, "जेवली का नायस?" ती म्हणाली, "पोट भरलंय." वाड्यातल्या विहारात तिने पुढच्या पौर्णिमेला नेहमीप्रमाणे पंचशील म्हटलं. प्राणिहिंसा नको, चोरी नको, खोटं नको, सगळं म्हणून झालं. एखाद्याच्या हातातलं काम एकेक करून काढून घेऊ नये असं त्यात कुठे नाही, हे तिने मनाशी दोनदा तपासून घेतलं. पलीकडच्या रांगेत नरेश डोळे मिटून बसला होता.

बोचकी फोडायला तिच्या जोडीला पारू होती. पारू ठाकरवाडीची, वयाने तीसेक, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारी. आठवडाभर दोघींनी नुसती बोचकी फोडली. आठवड्याच्या शेवटी छाया म्हणाली, "पारू, ही जागा कोनाला नको, म्हंजे इथं कोनी बघत नाय. भट्टीत सगळं आदी इथून जातंय. इथं निवडलं तर पुढं कोनाला काय विचारायची गरजच नाय."

"कोनाला म्हंजे?" पारूने विचारलं.

"कोनाला म्हंजे कोनाला," छाया म्हणाली आणि शिट्टीच्या दिशेने बघितलं. पारू हसली. तिलाही त्या शिट्टीच्या तीर्थाचा प्रसाद मिळालेला होता.

डागाप्रमाणे बोचकी वेगळी करायची हे ठरलं. माथेरानची लाल माती निराळी, तिला आधी कोरडी झटकावी लागते, मग थंड पाणी. गरम पाणी लागलं की ती माती चादरीला जन्माची सोबत करते. हळद निराळी, तिला ऊन. बाकी साधा मळ. पण हे भट्टीत आल्यावर निवडण्यापेक्षा हॉटेलातच निवडून आलं तर? चिठ्ठ्या लावून उपयोग नव्हता. चिठ्ठी भिजते, आणि निम्म्या बायकांना वाचता येत नाही. पारूने सहज सांगितलं, "आमी रानातून मोळ्या आनतो त्याला गाठी मारतो. कोनाची मोळी ते गाठीवरून कळतं."

छायाने फळ्यावर लिहिलं: 'हॉटेलवाल्यांनी बोचक्याला गाठी मारणे. एक गाठ मळ, दोन माती, तीन हळद. पारू आणि छाया.' आणि खाली, चांगल्या अक्षरात, एक ओळ जास्त: 'याने नरेश सरांचा त्रास वाचेल.'

टेंपोवाल्याबरोबर सगळ्या हॉटेलांना निरोप गेले. रविवारी माथेरानचा माल आला. बेचाळीस बोचकी. प्रत्येकाला तीन गाठी.

नरेश कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय छायाबाई, सगळ्या माथेरानला एकदमच हळद लागली का? घोड्यांची लग्नं होती वाटतं."

बायका हसल्या. ज्यांना हसायचं नव्हतं त्याही हसल्या, कारण वाक्य खरंच चांगलं होतं. बेचाळीस बोचकी उन्हात पसरून परत गोळा करण्यात दिवस गेला. दुसरा मेमो आला. स्नेहल तो देताना खाली बघत होती. "मावशी, आता एकच राहिला हो."

"मोजता येतं मला," छाया म्हणाली.

आता दुसरी एखादी असती तर हातपाय गाळून बसली असती. छायाने सुट्टीचा दिवस काढला, पारूला घेतलं, नेरळहून दस्तुरीपर्यंत, म्हणजे माथेरानात गाड्यांची हद्द संपते तिथवर, टॅक्सी आणि तिथून पुढे तांबड्या धुळीतून पायपीट. पहिल्याच हॉटेलात नामा भेटला. नामा पंचावन्नचा, चादरी बांधायचं काम त्याचं. तो डाव्या हाताने बोचकं आवळत होता आणि शेजारी घोडा वाट बघत होता.

"दादा, साध्या मळाला आमी एक गाठ सांगितली तर तुमी तीन का मारता?"

नामाने तिच्याकडे दया येऊन बघितलं. "ताई, तुमची भट्टी सपाटीवर. हे बोचकं घोड्यावरून दस्तुरीला उतरतंय. एका गाठीवर ते पहिल्या वळनावर सुटंल आनि चादरी माकडं नेसतील. तीन मारल्याबिगर आमचा घोडाच हलत नाय."

छाया तिथल्या दगडावर बसली आणि पोट धरून हसली. माकडं डोळ्यांसमोर आली म्हणून थोडी, आणि चूक आपली होती, पण चुकीमागे नरेश नव्हता, म्हणून जास्त. नरेश असता तर ती हसली नसती.

उपाय पारूनेच काढला. बोचकं बांधून झालं की कापडाचं एक टोक मोकळं लोंबतं, त्याला त्या शेंडी म्हणत. घोड्यासाठी बोचक्याला हव्या तेवढ्या गाठी मारा, आमची खूण शेंडीला. शेंडीला गाठ नाही तर मळ, एक तर माती, दोन तर हळद. नामाने डोकं खाजवलं, एक शेंडी बांधून बघितली आणि म्हणाला, "हे बरं हाय. यात घोड्याचं काय जात नाय." दोघींनी दिवसभरात एकोणीस हॉटेलं फिरून प्रत्येक बांधणाऱ्याला शेंडी शिकवली. उतरताना छायाचे पाय सुजले होते. पारूने विचारलं, "ताई, एवढं कशाला करतेस गं? पगार तर तोच."

"पगारासाठी नाय करत," छाया म्हणाली. "एकाला रिकामा बसलेला बघायचाय."

पुढच्या रविवारी माल आला तो निवडलेलाच आला. महिनाभर एकही चादर बिघडली नाही. बिघाडाच्या वहीत नरेशला लिहायला काही उरलं नाही. त्याने एकदा 'डास फार' असं लिहिलं, ते शेठने वाचलं.

मग छायाने दुसरी सुधारणा लिहिली. कुठल्या बोचक्याला किती साबण लागतो ते आता आधीच कळतं, तर पहाटेच मापं भरून मशीनजवळ टांगून ठेवावीत. खाली ओळ: 'सरांना दर वेळी साबणाच्या खोलीपर्यंत जाण्याचा त्रास वाचेल.' शेठना पटलं. किल्ली खिळ्यावर गेली. मग तिसरी. निवडलेला माल ज्या बायकांपुढे येतो त्यांनाच कधी भरायचं, कधी काढायचं ते कळतं, तेव्हा ज्या त्या मशीनची जबाबदारी तिथल्या जोडीने घ्यावी. 'सरांचा शिट्टी वाजवण्याचा त्रास वाचेल. त्यांचा घसाही बरा राहील.'

विरोध तरी कशाला करायचा? प्रत्येक ओळ नरेशच्या सुखासाठीच लिहिलेली. शेठ तर म्हणाले, "नरेश, तुझ्या लोकांना तुझी किती काळजी आहे बघ." नरेश पानाची गोळी या गालातून त्या गालात फिरवत राहिला. बायकांनाही आता गोडी लागली होती. एकीने इस्त्रीच्या टेबलाची उंची बदलून घेतली, एकीने दोऱ्यांच्या रांगा वाऱ्याच्या दिशेने फिरवल्या. फळा भरला. जी ती आपल्या पद्धतीवर असा पहारा देऊ लागली जशी काही ती तिची म्हैस आहे. दुपारी नरेश शेडमधून फेरी मारायचा तेव्हा प्रत्येकीच्या वाटेत यायचा. "सर, जरा सरका," असं त्याला दिवसातून पन्नासदा ऐकू यायचं. छाया बोचकं फोडता फोडता ते मोजायची. एक दिवस त्रेसष्टवर गेलं, त्या दिवशी तिने घरी सखारामला अंडं घातलं जेवणात.

एका संध्याकाळी वाड्यात, नळावर, नरेशने तिला गाठलं.

"काकू, तुमी माज्या पोटावर पाय देताय."

"मी?" छाया हंडा भरत म्हणाली. "मी तर तुजा त्रास वाचवते रं बाबा."

"शेठ काल मला विचारत होते, नरेश, तू हल्ली नक्की करतोस काय म्हनून."

"मग सांगायचं ना. फळ्यावर पयली ओळ तुजीच हाय. हळदीची."

नरेश हळू आवाजात म्हणाला, "दोन मेमो झालेत तुमचे. एक बाकी हाय, ध्येनात ठेवा."

"ठेवते की. माजं सगळं ध्येनात राहतं," छाया म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेतला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, खोपोलीकडच्या एका मोठ्या रिसॉर्टचे लोक भट्टी बघायला येणार होते. काम मिळालं तर शेड वाढणार होती. शेठ सकाळपासून धुतलेला शर्ट घालून उभे. पाहुणे आले, फळा वाचून झाला, शेंडीची गंमत त्यांना फार आवडली. "दाखवा एखादं," ते म्हणाले.

पारूने समोरचं बोचकं ओढलं. नामाच्या हॉटेलचं. शेंडीला एक गाठ, म्हणजे माती. ती झटकायला नेणार तोच तिचा हात शेंडीवर थांबला. तिने गाठ चिमटीत धरली, उलटी करून बघितली.

"ताई, ही नामाची नाय."

"म्हंजे?"

"नामा डावरा हाय. त्याची गाठ अशी वळते," तिने बोट फिरवून दाखवलं. "ही उजव्या हाताची हाय. कोनीतरी सोडून नवी मारली."

छायाने बोचक्याचं तोंड सैल केलं आणि वास घेतला. आत हळदीचे टॉवेल होते, ओले. पाहुण्यांच्या घाईत, माती समजून ते थंड पाण्यात गेले असते, तिथून साबणात, आणि पाहुण्यांच्या देखत ऐंशी टॉवेलांचा तो जुना खेळ पुन्हा झाला असता.

"काय थांबलात?" मागून नरेश म्हणाला. "पाहुने उभे हायत. चला, भरा." आणि त्याने खिशातून शिट्टी काढून वाजवली. किती महिन्यांनी वाजली ती. शेडमधल्या पंचवीस बायकांनी मान वर करून बघितलं, आणि एकही जागची हलली नाही. त्याने परत वाजवली. इस्त्रीवरची एक म्हातारी म्हणाली, "कुत्रं आलं का काय आत?"

छायाने बोचक्याची शेंडी शेठसमोर धरली. पांढऱ्या कापडावर गाठीच्या शेजारी अंगठ्याएवढा तांबूस तपकिरी ठसा होता.

"हा कसला डाग?" शेठने विचारलं.

"कात हाय, शेठ. पानाचा. लिंबू लावलं की निघंल. पन मी काढायची नाय."

शेठने पाहुण्यांकडे बघितलं, मग नरेशच्या उजव्या अंगठ्याकडे. भट्टीत पान खायची मनाई होती, ती सगळ्यांनी पाळली होती, एक सोडून. नरेशने अंगठा मुठीत घेतला. "शेठ, हे या बाईचंच काम. मला अडकवायला. म्हनून तर मी..." इथे तो थांबला, पण ऑफिसच्या दारात उभी असलेली स्नेहल थांबली नाही. ती काही हिंमतीची मुलगी नव्हती, पण बावळटही नव्हती.

"शेठ, सरांनी काल संध्याकाळी छायामावशींचा तिसरा मेमो टाईप करायला दिलाय. आजची तारीख घालून. 'पाहुण्यांसमोर हळदीचे टॉवेल खराब केल्याबद्दल', असं त्यात आहे."

पाहुणे एकमेकांकडे बघून बाहेर चहा प्यायला गेले. मोठी माणसं, त्यांना कुठे थांबायचं ते कळतं. काम त्यांनी पुढे याच भट्टीला दिलं, आणि त्यांच्याकडूनच ही गोष्ट खोपोलीच्या बाजूला पसरली, तीही बऱ्यापैकी खरी.

शेठ छायाकडे वळून म्हणाले, "छायाबाई, पद्धत तुमची. त्यात खोट घालणाऱ्याचं काय करायचं, तुम्ही सांगा. आजच काढतो म्हणालात तर आजच काढतो."

नरेश तिच्याकडे बघत होता. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "काकू."

इथे बरेच जण सांगतात की छायाला दया आली, शेवटी वाड्यातलं पोर. दया वगैरे काही आली नाही. घरी गेला असता तर चार दिवस तोंड लपवून पाचव्या दिवशी दुसरीकडे लागला असता आणि तिथे शिट्टी वाजवली असती. तिला त्याला जवळ हवा होता.

"काढू नका, शेठ," ती म्हणाली. "बोचकी फोडायला मला एक मानूस कमी पडतंय."

आणखी दोन गोष्टी तिने मागितल्या. एक, मेमो. स्नेहलने तो तिथेच टाईप केला: 'असावधानीने व निष्काळजीपणे काम केल्याबद्दल.' तेच शब्द, नाव तेवढं बदललेलं. दुसरी, फळा. सगळ्या बायका हातातलं काम ठेवून आल्या. नरेशने ओल्या फडक्याने पहिल्या ओळीतलं आपलं नाव पुसलं आणि 'छाया' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, तर छायाने पुसून परत लिहायला लावलं. तीनदा. तिसऱ्यांदा बरं आलं होतं, पण तिने उगीच थोडा वेळ मान तिरकी करून बघितलं.

आता नरेश तिच्या समोर बसून बोचकी फोडतो. पहिला महिना त्याने नाकाला रुमाल बांधला, मग सोडून दिला. तो मुळात हुशार, हिशेबी. तीन महिन्यांत त्याला वासावरून माती आणि हळद कळू लागली. मग त्याने फळ्यावर एक सुधारणा लिहिली, ओल्या बोचक्यांसाठी जाळीचं टेबल, आणि ती टिकलीसुद्धा. छायाला याचाच राग आहे. रडतकुढत करील, चुकेल, मग आपण बोलू, अशी तिची तयारी होती, आणि हा आपला नीट काम करतो. तरी ती सोडत नाही. दुपारी डबा उघडला की ती सगळ्यांना घासातला घास देते, पारूला देते, स्नेहलला देते, आणि नरेशपर्यंत आली की डब्यात काही उरलेलं नसतं. एवढं माप तिला बरोबर जमतं.

राहिली पेटीची गोष्ट. पेटीत एक टॉवेल आहे, हे खरं. तो रिसॉर्टच्या त्या ऐंशी टॉवेलांतला नाही, बाजारातून विकत आणलेला आहे. पहिल्या मेमोच्या दिवशी घरी येऊन छायाने त्याला स्वतः हळद लावली आणि वरून साबण चोळला. कामावर निघताना ती रोज पेटी उघडून तो बघत असे, राग कमी होऊ नये म्हणून. तो तिने कधी कुणाला दाखवला नाही. कुठल्या फार्महाऊसवर कुणी बाई मेली नव्हती. ते रक्त नव्हतं, हळद होती.